बॉनेटखालची रिकामी नळी

आमच्या घरामागच्या मांगरात एक जुनी पिकअप उभी असते. गाडी २००४ सालची, मी ती २०१० साली जुनी म्हणून घेतली. आंबा, काजू, शेणखत, गवत, लग्नाची भांडी, आंगणेवाडीच्या जत्रेला जाणाऱ्या दुकानदारांचं सामान, सगळं तिनं वाहिलं. झिल म्हणतो, बाबा, आता काढा ती. मी म्हणतो, बघू.

तिचं बॉनेट उघडलं की माझी नजर इंजिनाआधी काळ्या रबरी नळ्यांवर जाते. एक अंगठ्याएवढी जाड, बाकीच्या पेन्सिलीसारख्या बारीक. त्यांतून डिझेल जात नाही, पाणी जात नाही, ऑईल जात नाही. त्या रिकाम्याच असाव्या लागतात, अगदी हवासुद्धा जेवढी कमी तेवढी बरी. गॅरेजमध्ये त्यांना व्हॅक्यूमच्या नळ्या म्हणतात. इतर नळी फुटली तर खाली ओल दिसते, वास येतो. ही नळी सुटली तर खाली थेंबही पडत नाही. आणि तरीही पाच माणसांचा जीव त्या नळीवर असतो.

या नळीचा इतिहास मी तीन ठिकाणी शिकलो. आमच्या विहिरीवर, रेल्वेत नोकरीला असलेल्या माझ्या काकाकडून, आणि फोंडा घाटात. तिसरा धडा फार महाग पडला असता, म्हणून लिहून ठेवतो.

विहिरीपासून सुरुवात करतो. माझ्या लहानपणी आमच्या बागेत लाट होती. पुढे वडिलांनी डिझेलचं इंजिन आणि पंप आणला. पंपाला दोन नळ्या. विहिरीत उतरणारी सक्शनची आणि माडांकडे जाणारी डिलिव्हरीची. डिलिव्हरीला साधी मऊ नळीही चालायची. सक्शनला मात्र आत तारेचं वेटोळं असलेली जाडजूड नळी. मला ते उलटं वाटायचं. जोरात पाणी फेकणाऱ्या बाजूला मजबूत नळी नको का? मी विचारलं तर वडील म्हणाले, "सक्शनाक मऊ नळी लावलंस तर ती चोखलेल्या आंब्यासारकी चपटी जातली."

दुसरी गोष्ट अशी की मे महिन्यात पाणी खाली गेलं की पंप काठावरून विहिरीत खाली उतरवून बसवावा लागे. काठावर बसून तो २५ फुटांखालचं पाणी घेत नसे, मग इंजिन कितीही मोठं लावा. आम्हाला वाटायचं पंपात जोर कमी.

हेच कोडं इटलीतल्या पंप करणाऱ्या कारागिरांनाही पडलं होतं. ओढणारा पंप साधारण १० मीटरच्या वर पाणी चढवत नाही, ही गोष्ट गॅलिलिओनं १६३८ साली आपल्या पुस्तकात लिहिली. त्याच्या मागून टॉरिचेलीनं १६४३ साली पाण्याऐवजी पारा घेतला. एक तोंड बंद असलेली काचेची नळी पाऱ्यानं भरली आणि पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली. पारा खाली आला, पण ७६ सेंटिमीटरवर थांबला. वर राहिली रिकामी जागा. आमच्या गावचा भरतगड १७०१ सालचा. म्हणजे तो बांधायच्या जवळपास ६० वर्षं आधी ही गोष्ट कळली की पाऱ्याला कोणी वरून ओढून धरत नाही, भांड्यातल्या पाऱ्यावर बाहेरची हवा बसलेली आहे, ती त्याला नळीत ढकलून धरते. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून हवेचं तेच ओझं पाणी १० मीटरच्या थोडं वर, म्हणजे ३४ फूट चढवतं. गळती आणि घर्षण धरून आमच्या पंपाला २५ फूटच जमायचे. आमचा पंप पाणी ओढत नव्हताच. तो फक्त नळीतली हवा काढून जागा रिकामी करायचा. काम करायची ती विहिरीवरची हवा.

तिकडे जर्मनीत मागडेबुर्ग शहराचा महापौर ओटो फॉन गेरिके यानं हवा काढायचा पंप बनवला. तांब्याच्या दोन मोठ्या अर्ध्या गोळ्यांची तोंडं जुळवून त्यानं आतली हवा काढली आणि १६५७ साली दोन्ही बाजूंना ८-८ घोडे जुंपले. गोळे सुटेनात. हवा आत सोडली की मात्र आपोआप वेगळे. घोड्यांना हरवणारी ताकद गोळ्यांच्या आत नव्हती, बाहेर होती. दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. ती आपल्या अंगावरही आहे, पण आतून-बाहेरून सारखी असल्यामुळे जाणवत नाही. एका बाजूची हवा काढून घेतली की दुसऱ्या बाजूची हवा कामाला लागते. माझ्या पिकअपमधल्या जाड नळीचं काम एवढंच आहे.

आता काकाकडे येतो. आमच्या भागात घरटी एक माणूस मुंबईला, तसा आमचा काका. गिरणीत न जाता तो रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये लागला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं १९१५ साली डबे दुरुस्तीसाठी काढलेला तो कारखाना. काका डब्यांच्या ब्रेकवर होता. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा मोठा संप झाला, तेव्हा तो एस.टी.नं गावी आला. मी तेव्हा तेरा वर्षांचा. संपाचं काय होईल, नोकरी राहील की जाईल, या विचारात तो दिवसभर खळ्यात बसून असायचा आणि मन रमवायला मला रेल्वे शिकवायचा. सोबत त्यानं नळीचा एक जुना तुकडा आणला होता, तो मला दाखवून म्हणाला,

"रे झिला, ह्या नळयेत काय आसता सांग बगू?"

"वारो."

"वारो नाय. वारो काडून टाकलेलो आसता."

त्या काळी आपल्या रेल्वेच्या बहुतेक गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकच नळ, दोन डब्यांच्या मधे जाड रबरी नळ्या जोडलेल्या. शेवटच्या डब्याच्या नळीचं तोंड बंद करून ठेवायचं, नाहीतर हवा आत येत राहते. इंजिन त्या सगळ्या नळातली हवा काढतं. ड्रायव्हरसमोरच्या काट्यावर ५१ सेंटिमीटर दिसले, म्हणजे पाऱ्याचे, टॉरिचेलीच्या हिशेबातले, की सगळ्या डब्यांचे ब्रेक सुटलेले. ब्रेक लावायचा तर ड्रायव्हर नळात थोडी हवा सोडतो. डब्याखालच्या सिलिंडरात हवा शिरते, दट्ट्या सरकतो आणि चाकांवर ब्रेक बसतो.

"आनि डब्यातली साकळी?" मी विचारलं.

"साकळी ओडली काय भायरचो वारो नळयेत घुसता आनि गाडी रवता."

मला तेव्हा फक्त साखळीची मजा वाटली. त्यातली खरी हुशारी कळायला ३९ वर्षं गेली. ती अशी की दोन डब्यांमधली नळी तुटली, डबे सुटे झाले, तरी हवा आत शिरते आणि दोन्ही तुकडे आपसूक थांबतात. नळी दगा देणार हे धरूनच तो ब्रेक बनवला होता. १९८० नंतर रेल्वेत हळूहळू दाबाच्या हवेचे ब्रेक आले, पण नळी सुटली की गाडी थांबली पाहिजे हा नियम तसाच राहिला.

मोटारीत मात्र नळी वेगळ्या वाटेनं आली. महिंद्रांनी देश स्वतंत्र होत होता त्या सुमारास मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. आमच्याकडे जीप दिसायची ती निवडणुकीला, नाहीतर साहेबाबरोबर. ती पेट्रोलची. पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर एक पडदी असते. पाय काढला की पडदी मिटते आणि खाली दट्ट्ये हवा मागत राहतात, त्यामुळे तिथं आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. त्यावर काय काय चालवत. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांचे वायपरसुद्धा व्हॅक्यूमवर. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम कमी आणि ऐन पावसात वायपर मंद! कोकणात याचा काय उपयोग ते सांगायला नको. बेल्जियमच्या आल्बेर दवान्द्र या इंजिनीयरनं १९२७ साली हाच फुकटचा व्हॅक्यूम ब्रेकच्या मदतीला लावला. ब्रेकच्या पेडलामागे एक डबा, त्यात मधे पडदा. पडद्याच्या एका बाजूची हवा नळीनं काढायची. पाय ठेवला की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा येते आणि पडद्याला ढकलते. याला आपल्याकडे बूस्टर म्हणतात.

पुढे आपल्याकडे डिझेल गाड्या आल्या. मालाच्या छोट्या गाडीला आपण टेम्पो म्हणतो, तो शब्दही हांबुर्गच्या एका जर्मन कंपनीचं नाव. तिची तीन चाकी गाडी फिरोदियांच्या बजाज टेम्पोनं इकडे बनवली आणि नाव सगळ्या जातीला चिकटलं. डिझेल इंजिनाला साधारणपणे ती पडदी नसते, त्यामुळे आपोआप व्हॅक्यूम मिळत नाही. मग वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. पुष्कळ जुन्या पिकअपांत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो. इंजिन फिरलं की अल्टरनेटर फिरतो, त्याच्याबरोबर पंप. तिथून जाड नळी बूस्टरला. बूस्टर असतो जेवणाच्या ताटाएवढा, पण चांगला व्हॅक्यूम असेल तर हवा त्याच्या पडद्यावर अडीचशे किलोंच्या वर जोर लावते. म्हणजे सिमेंटची पाच पोती. आपण पायाच्या चवड्यानं भरलेली गाडी थांबवतो ती या पाच पोत्यांच्या जिवावर.

आता घाटातली गोष्ट. २०१३ सालचा मे महिना. मांगरात गवत रचलेलं, त्यात उंदीर. एप्रिलमध्येच एका उंदरानं जाड नळीचं टोक कुरतडलं होतं. आंब्याचे दिवस, कणकवलीला जाऊन नळी आणायला वेळ कुणाला? घरी गवंडीकामाची लेव्हलची नळी पडलेली, पारदर्शक प्लॅस्टिकची. जाडी बरोबर बसली. दोन्हीकडे तार आवळली, पेडल दाबून बघितलं, मऊ लागलं. म्हटलं झालं काम. वडिलांनी विहिरीवर सांगितलेलं मला तेव्हा आठवलं नाही. ही चूक माझी, गाडीची नाही आणि कुठल्या मेस्त्रीचीही नाही.

त्या नळीवर मी महिनाभर गाडी चालवली. शेवटचा आंबा घेऊन कोल्हापूरला गेलो. येताना आगोटीचं सामान भरलं. आमचं आणि शेजारच्या तीन घरांचं. कांद्याची पोती, गुळाच्या ढेपा, मिरच्या. पुढे बाजूला घरकारीण, मागे पोत्यांवर दोन गडी आणि शेजाऱ्याचा चौदा वर्षांचा मुलगा. राधानगरी, दाजीपूर झालं आणि फोंडा घाटाचा उतार लागला. दुपारची वेळ, इंजिन तापलेलं.

पहिल्या दोन वळणांना ब्रेक नेहमीसारखा लागला. तिसऱ्याला पेडल थोडं जड. चौथ्या वेळी पाय ठेवला तर दगडावर ठेवल्यासारखा. दाबतोय, गाडी ऐकत नाही. घरकारणीनं विचारलं, "काय झाला?" मी उत्तर दिलं नाही. तोंडाला कोरड पडली होती. समोर वळण, पलीकडे दरी.

त्या क्षणी मला शहाणपण सुचलं असं नाही. हातानं आपसूक गिअर खाली घेतला, दुसरा, मग पहिला. इंजिन ओरडलं. दोन्ही पाय पेडलावर घेतले, पाठ सीटला रेटली आणि जीव खाऊन दाबलं. हातानं हँडब्रेक थोडा थोडा वर. गाडी मंदावली, मी डोंगराकडच्या गटाराच्या बाजूला घेतली आणि ती थांबली. गड्यांनी उड्या मारून चाकाला दगड लावले. शेजाऱ्याचा मुलगा हसत होता, त्याला काही कळलंच नव्हतं. त्याचं हसणं बघून माझे पाय लटपटायला लागले.

मागून एक कोल्हापूरचा टेम्पोवाला येत होता. थांबला. "काय झालं, पाव्हणं?"

"ब्रेक गेला."

त्यानं आत बसून पेडल दाबलं. "गेला न्हाई, जड झालाय. बूस्टरची नळी बघा."

बॉनेट उघडलं. लेव्हलची नळी इंजिनाच्या उष्णतेनं मऊ होऊन मधोमध चपटी बसली होती. दोन्ही बाजूंची तार जागेवर, नळी कुठं फाटलेली नाही, पण वाट बंद. बाहेरच्या हवेनं ती चिरडली होती. चोखलेल्या आंब्यासारखी. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर पहिले दोन-तीन ब्रेक निघाले, नंतर संपलं. ब्रेक गेला नव्हता, त्याची मदत गेली होती.

त्या माणसानं आपल्या सीटखालून रबरी नळीचा तुकडा काढला, आत सुताचं विणकाम असलेला. नळीतला एका बाजूचा वॉल्व्ह, जो बूस्टरमधून हवा बाहेर जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, तो मला दाखवून म्हणाला, "बाण पंपाकडं. उलटा बसिवला तर समदं बंद." क्लिपा आवळल्या. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायला लावलं, ते कडक झालं. मग पाय तसाच दाबून धरून इंजिन सुरू करायला सांगितलं. पेडल पायाखाली अलगद खाली गेलं. "आला व्हॅक्यूम," तो म्हणाला. पैसे घेतले नाहीत. दोन ढेपा गूळ द्यायला गेलो तर म्हणाला, कोल्हापूरच्या माणसाला गूळ देताय व्हय? शेवटी घरकारणीनं वाटेत खायला ठेवलेले रायवळ आंबे त्याच्या सीटवर ठेवले.

काका तेव्हा निवृत्त होऊन गावीच होता. ऐंशीला टेकलेला. दुसऱ्या दिवशी मी चपटी झालेली नळी त्याच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यानं नळी हातात फिरवली. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला,

"आमची नळी सुटली काय गाडी रवता. तुझी नळी सुटली काय गाडी रवना नाय. ह्या तुका चवताळीसाक माझ्या जागेर बसलेलो माणूस सांगूचो नाय. तुझा तू बगूक व्हया."

४४ म्हणजे मोटारीच्या वेगाचा हिशेब नव्हे, हे मला नंतर कळलं. त्याच्या खात्यात नळ्या तपासणाऱ्या माणसांचं टेबल त्या नंबरचं होतं. रेल्वेत एक नळी दहा माणसं तपासत, तरीही ती सुटणार असं धरून ब्रेक बनवलेला. माझी नळी तपासणारा मी एकटा, आणि मी तिथं गवंड्याची नळी लावली होती.

तेव्हापासून नळ्या सोडायच्या आणि जोडायच्या तर माझी एक पद्धत आहे. अल्टरनेटर काढायचा असो, दुसरं काही असो, नळी काढण्याआधी तिच्या टोकाला आणि ती जिथून काढली त्या तोटीला एकाच रंगाचा दोरा बांधतो. लाल जाड नळीला, बाकीचे रंग बारीक नळ्यांना. बारीक नळ्या धूर कमी करणाऱ्या वॉल्व्हच्या. त्यांची अदलाबदल झाली तर गाडी थांबणार नाही असं होत नाही, पण काळा धूर मारते आणि चढ चढत नाही. एकदा एका गॅरेजमधून तशी आली होती, दोन दिवस डिझेलचा फिल्टर बदलत बसलो. टोक कडक झालं असेल, चिरलं असेल तर बोटभर कापून टाकतो, पण नळी ताणून बसवत नाही. लांबी कमी पडली तर नवीन, तीही व्हॅक्यूमचीच म्हणून मागून घेतो. वापरात नसलेली तोटी टोपण लावून बंद, शेवटच्या डब्याच्या नळीसारखी. सगळं जोडलं की इंजिन सुरू करून कान लावतो. कुठं फुसफुस ऐकू आली तर तिथं हवा शिरते आहे. मग पेडलाची ती परीक्षा. आणि शेवटी रिकामी गाडी भरतगडाच्या बाजूच्या उतारावर नेऊन हळू वेगात दोन-तीनदा थांबवून बघतो. त्याशिवाय माल भरत नाही, माणूस बसवत नाही.

काका २०१६ साली गेला. त्याच्या ट्रंकेत तो १९७४ सालचा नळीचा तुकडा सापडला. रबर कडक होऊन तडे गेलेलं, कामाचं काही नाही. मी तो मांगरात गाडीच्या वर खुंटीला टांगून ठेवला आहे. गेल्या पावसाळ्यात झिलानं पहिल्यांदा स्वतः अल्टरनेटर काढला. मी लांबून बघत होतो, बोललो नाही. त्यानं पाना उचलला, मग थांबला, आत घरात गेला आणि आईच्या शिवणाच्या डब्यातून दोऱ्याची रिळं घेऊन आला.